अर्ध्या तासाची सवलत

एका डोंगरापलीकडे एक जंगल होतं. तिथे रस्ता पोचला नव्हता. रस्त्याची उद्घाटनं मात्र तीन झाली होती. त्या जंगलात कमठाबाई नावाचं एक कासव राहत असे. कमठाबाई जंगलातल्या पिल्लांना मोजायला शिकवायच्या. पिल्लू बिबट्याचं असो की उंदराचं, बसायचं एकाच ओळीत. शाळा सुटली की दोघांनी वेगवेगळ्या दिशांनी घरी जायचं, एवढा एकच नियम होता.

त्या जंगलात पूर्वी उन्हाळा फार वाईट जायचा. होळी सरली की ओढा आटायचा आणि पाणी उरायचं ते खालच्या डोहात. डोह मगरीचा होता. मगर पाणी प्यायला कुणालाही मनाई करत नसे. आलेल्यांपैकी एखाद्याला ती फक्त तिथेच ठेवून घेत असे.

शेवटी एका म्हाताऱ्या सांबरानं सगळ्यांना जमवलं. ते म्हणालं, "आपण ओढ्यावर बांध घालू. प्रत्येकानं एक दगड आणायचा. ज्याचा दगड बांधात, तो सभासद."

हत्तीनं म्हशीएवढा धोंडा आणला. मुंगीनं वाळूचा कण आणला. हत्ती म्हणाला, "माझा दगड मोठा, तेव्हा मतंही मला जास्त हवीत."

"तुझी तहान मोठी आहे, ती तू भागव," सांबर म्हणालं. "मत मात्र एकच. एक दगड, एक मत."

कमठाबाईंनी नारळाएवढा दगड निवडला आणि तो छातीनं ढकलत निघाल्या. एका पळसफुलोऱ्याला निघालेल्या बाई दुसऱ्या पळसफुलोऱ्याला पोचल्या. तोवर बांध पुरा झाला होता, पण तळाशी एक भोक राहून गेलं होतं आणि सगळं पाणी त्यातून वाहून जात होतं. बाईंचा दगड त्या भोकात गच्च बसला. त्या दिवसापासून पाणी साठायला लागलं.

त्याच दिवशी 'सामाईक पाणवठा सहकारी संस्था' स्थापन झाली. नियम असा ठरला की दरवर्षी पळस फुलला की सभा घ्यायची आणि संचालक सोडून पंचवीस सभासद हजर असतील तरच ती भरवायची. याला गणपूर्ती म्हणायचं.

"आणि पंचविसाव्या कमठाबाई असल्या तर?" कुणीतरी विचारलं. "त्यांना यायला वेळ लागतो."

सांबर म्हणालं, "मग असं करू. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास थांबवायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवायची. मग मात्र किती आले, किती नाही, हे मोजत बसायचं नाही. बिचाऱ्या बाई वाटेत असताना त्यांच्यामुळे सभाच मोडली, असं नको व्हायला."

सगळ्यांना नियम फार आवडला. कमठाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तो नियम प्रेमानं केला होता, आणि प्रेमानं केलेले नियम कुणी पुन्हा तपासून पाहत नाही.

सांबर पुढे खूप वर्षं जगलं. म्हातारपणानं मेलेलं ते त्या जंगलातलं पहिलं सांबर.

त्याच्यानंतर दंताजीराव अध्यक्ष झाले. दंताजीराव म्हणजे रानडुक्कर. त्यांनी सोबत शुभ्रकांत बगळ्याला सचिव म्हणून घेतलं. शुभ्रकांतचे कपडे कायम पांढरेशुभ्र असत आणि तो तासन् तास एका पायावर उभा राहून पाण्याकडे बघे. सगळे म्हणत, संस्थेची केवढी काळजी आहे त्याला! माशांचं मत वेगळं होतं. पण माशांनी दगड आणलेले नव्हते, ते नुसते तिथे राहत होते.

शुभ्रकांतनं नियमांची चोपडी एकदा वाचली आणि तो आनंदानं दुसऱ्या पायावर उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "पहिल्या सभेला पंचवीस लागतात. दुसरीला कुणीच लागत नाही."

"मग पहिली घ्यायचीच कशाला?"

"पहिली घ्यायची नाही, साहेब. पहिली मोडायची."

तेव्हापासून सभेची नोटीस नियमाप्रमाणे लागू लागली, पण पाण्याच्या मधोमध, लव्हाळ्याला. ज्यांना वाचता येत होतं त्यांना पोहता येत नव्हतं. अल्पोपाहार मात्र झाडाझाडावर जाहीर होऊ लागला. सभा संपली की प्रत्येक सभासदाला द्रोणभर मोहाची फुलं आणि वर चार करवंदं. त्यामुळे जंगलात एक रीतच पडून गेली. वेळेवर येईल तो बावळट. अर्ध्या तासानं येईल तो नवशिका. द्रोण मांडायला लागल्यावर येईल तो खरा जाणकार सभासद.

सभा सात मिनिटांत संपे. शुभ्रकांत विषय वाचे, हुप्पाजी नावाचं संचालक वानर फांदीवरून "मंजूर!" असं ओरडे आणि पुढचा विषय येई. अध्यक्षांच्या त्वचेसाठी राखीव चिखल, मंजूर. सचिवांच्या अभ्यासासाठी रोज चाळीस मासे, मंजूर. शेजारच्या जंगलातलं तळं पाहण्यासाठी संचालकांचा अभ्यासदौरा, मंजूर. त्या जंगलात तळं नाही, एवढं कळायला दौऱ्याला दोन महिने लागले. पुढच्या वर्षी खात्री करून घेण्यासाठी पुन्हा दौरा निघाला.

नंतर पोचलेले सभासद द्रोण हातात घेत, "काय झालं सभेत?" असं विचारत आणि "झाली" हे उत्तर ऐकून समाधानानं फुलं खात.

कमठाबाई दरवर्षी निघत आणि दरवर्षी रिकामे द्रोण गोळा करण्याच्या वेळेस पोचत. अर्ध्या तासाची सवलत त्यांच्याकरता होती खरी, पण अर्ध्या तासात त्या दोन झुडपांएवढं अंतर कापत.

एका वर्षी त्या अशाच पोचल्या. दुपार कलली होती, सगळे पांगले होते. पाणी यंदा आणखी उतरलेलं दिसलं. थकलेल्या बाईंनी बांधाच्या पायथ्याशी, आपल्या दगडाजवळ, डोकं आत घेतलं आणि जरा डुलकी काढली.

पाठीवर कसलासा भार पडला तशी त्यांना जाग आली. दंताजीराव त्यांच्या पाठीवर उभे होते.

"शुभ्रकांत, हा दगड बरा आहे बघ. इथून बोललं की मोठं वाटतं."

"पुढच्या वर्षी भाषण इथूनच करा, साहेब. उंची दिसते तुमची."

"बरं, मगरताई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ते सगळ्यांनी मिळून करायचं वगैरे आता जुनं झालं. भागीदारीचे दिवस आहेत. बांधाच्या तळाचा एक दगड काढायचा, तिथे दरवाजा बसवायचा. पाणी आधी तुमच्या चिखलस्नान केंद्रात आणि तिथून खाली त्यांच्या डोहात."

"आणि सभासद?"

"सभासदांना पाणी मिळणारच, साहेब. डोहावर जाऊन प्यायचं. मगरताईंकडे मनाई नाहीच मुळी."

"दगड कुणाचा आहे तो?"

"त्या कासवबाईंचा. दगड निघाला की सभासदत्वही गेलं, नियमच आहे."

दंताजीराव थोडे अवघडले. "मला शिकवायला होत्या रे त्या. विरोध करतील."

"करू द्या ना. पुढच्या सभेत ऐनवेळचा विषय म्हणून घेऊ. त्या पोचेपर्यंत द्रोण गोळा झालेले असतात."

दोघं हसत हसत गेले. कमठाबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि आपल्या दगडाकडे पाहिलं. त्या दगडावर शेवाळ चढलं होतं. एक आख्खं वर्ष छातीनं ढकललेला दगड. त्याच्या मागे साऱ्या जंगलाचा उन्हाळा तुंबून उभा होता.

"वर्ष आहे हातात," त्या स्वतःशी म्हणाल्या. "पंचवीसच तर मोजायचे आहेत."

आणि त्या घरी न जाता एकेका सभासदाच्या दाराकडे निघाल्या.

पहिलं दार झिपरी खारीचं.

"झिपरे, पुढच्या सभेला पहिल्या वेळेला यायचं."

"अगंबाई! पहिल्या वेळेला कोण येतं, बाई? लोक काय म्हणतील? घरी काही खायला नाही म्हणतील."

"द्रोण नंतरही मिळेल."

"उशिरा आलेल्याला भरलेला मिळतो, बाई. वाढणाऱ्यानं तोवर अंदाज घेतलेला असतो." झिपरीचा या विषयावर दांडगा अभ्यास होता.

बाईंनी तिला समोर बसवलं. पंचवीस बिया मांडायला लावल्या. एक काढली. "आता सभा भरेल?"

"नाही."

"न भरलेल्या सभेत काय होतं?"

"काहीच नाही."

"चूक. न भरलेल्या सभेतच सगळं होतं." आणि त्यांनी मगरीची गोष्ट सांगितली. झिपरीची शेपटी फुलून दुप्पट झाली. तिची आजी डोहावर पाणी प्यायला गेली होती, ती गोष्ट घरात अजून हळू आवाजात सांगत.

पावसाळ्याच्या तोंडाला बाई भिकोबा मुंगसाकडे पोचल्या. भिकोबा म्हणाला, "मी एकटा येऊन काय होणार, बाई?"

"हेच मला आतापर्यंत अकरा जणांनी सांगितलं, भिकोबा. तुम्ही बाराही जण एकटेच या."

साळिंदराला अडचण वेगळी होती. "माझ्याशेजारी कुणी बसत नाही, बाई. काटे आहेत ना. अपमान होतो." बाई म्हणाल्या, "माझ्याशेजारी बस. माझी पाठ आहे." मुंगीनं विचारलं, "मी मोजली जाईन का? सचिव उंच आहेत, त्यांना मी दिसत नाही." बाई म्हणाल्या, "तुझा कण बांधात आहे ना? मग दिसशील."

हिवाळा संपता संपता बाईंकडे चोवीस होकार जमले. पंचविसावं कुणी मिळेना. हत्तीनं तर स्पष्टच सांगितलं, "ज्या सभेत माझं आणि मुंगीचं मत सारखं, तिथे मी फक्त खायला येतो."

म्हणजे पंचविसावं नाव एकच उरलं होतं, त्यांचं स्वतःचं. आणि कमठाबाई आयुष्यात कधीही, कुठेही वेळेवर पोचल्या नव्हत्या. पळसाला कळ्या दिसायच्या आधीच त्या वाटेला लागल्या.

पळस फुलला. सभेचा दिवस उजाडला. शुभ्रकांत सवयीनं "गणपूर्तीअभावी" हा शब्द चोचीत तयार ठेवून आला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. बांधासमोर सभासद बसले होते.

"साहेब, गडबड आहे. लोक आलेत."

"कशाला?" दंताजीराव दचकले. "द्रोण आधी मांडले का कुणी?"

"द्रोण झाकलेले आहेत. तरी बसलेत."

"मोज, मोज!"

शुभ्रकांतनं मोजलं. पुन्हा मोजलं. मुंगीपाशी तो मान वळवून पुढे जाणार होता, पण साळिंदरानं एक काटा उभा केला, तशी त्यानं तिलाही मोजलं. आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"चोवीस, साहेब. एक कमी!"

सभासदांत कुजबुज सुरू झाली. झिपरी वाटेकडे टक लावून बघत होती. वाट रिकामी होती. "बाई कधी वेळेवर आल्यात का?" भिकोबा पुटपुटला. "आपणच वेडे."

दंताजीराव मोठ्या रुबाबात बांधाच्या पायथ्याशी गेले, तिथल्या आपल्या आवडत्या दगडावर चढले आणि बोलू लागले.

"माझ्या तहानलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो! हे पाणी कुणाचं? तुमचं! हा बांध कुणाचा? तुमचा! आणि तुम्ही कुणाचे? माझे! आज तुम्ही एवढ्या प्रचंड संख्येनं आलात, ही संख्या पाहून माझं ऊर भरून आलं आहे. पण कायदा कठोर असतो. संख्या कमी पडली आहे. म्हणून गणपूर्तीअभावी ही सभा—"

"हजर," दगड म्हणाला.

दंताजीराव बोलायचे थांबले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांच्या दोन पायांच्या मधून कमठाबाईंचं डोकं बाहेर आलं होतं.

"पंचवीस," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळीच आले मी. दंताजी, उतर खाली. कणा दुखतो रे आता."

अध्यक्ष मुकाट्यानं उतरले. शुभ्रकांतनं हरकत घेतली. "हे नियमात बसत नाही! अर्ध्या तासाची सवलत यांच्यासाठी आहे. ज्यांच्यासाठी सवलत, तेच वेळेवर आले तर सवलतीचा अवमान होतो!"

"मग होऊ दे," बाई म्हणाल्या. "सभा सुरू करा."

आता गंमत अशी झाली की पहिल्या वेळेला भरलेली सभा कशी चालवतात, हे संचालकांनाही माहीत नव्हतं आणि सभासदांनाही. शुभ्रकांतनं घाबरत घाबरत पहिला विषय वाचला. "मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे." हुप्पाजी वरून ओरडला, "मंजूर!" आणि खाली बसलेले चोवीसही जण, आपल्याला एकदाचं सभेत ओरडायला मिळालं या आनंदात, बेंबीच्या देठापासून ओरडले, "मंजूर!"

शुभ्रकांतच्या जिवात जीव आला. दुसरा विषय, राखीव चिखलाची हद्द वाढवणे. "मंजूर!" तिसरा, सचिवांच्या अभ्यासाचे मासे चाळीसवरून साठ. "मंजूर!" झिपरी तर उड्या मारून ओरडत होती. कमठाबाईंनी डोळे मिटले. वर्षभरात त्यांनी सगळ्यांना यायला शिकवलं होतं, मोजायला शिकवलं होतं. आल्यावर काय म्हणायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं होतं.

"अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय," शुभ्रकांत आता खड्या आवाजात वाचू लागला. "जंगलाच्या विकासासाठी बांधाच्या तळाचा कमठाबाईंचा दगड काढून तिथे भागीदारी तत्त्वावर दरवाजा बसवणे."

सभासदांनी तोंडं उघडली. ती तशीच उघडी राहिली.

"दरवाज्यातून पाणी कुठे जाणार, दंताजी?" बाईंनी विचारलं.

"खाली."

"खाली कोण राहतं?"

दंताजीराव वर्गात बसायचे तसे पायानं माती उकरू लागले. "मगरताई."

"सर्वांना मंजूर?" शुभ्रकांतनं घाई केली.

चोवीस तोंडं उघडी, चोवीस चेहरे घाबरेघुबरे. शेवटी झिपरी रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, मला 'मंजूर' नाही म्हणायचं. पण दुसरा शब्द कुठलाय? सभेत तेवढाच असतो ना?"

"दुसराही असतो," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. सोपा आहे. तुम्हाला येतोय तोच शब्द घ्या, फक्त त्याच्या आधी 'ना' म्हणा. झिपरे, तू म्हण बघू."

"ना... मंजूर?"

"प्रश्न विचारू नकोस. सांग."

"नामंजूर."

"शाब्बास. भिकोबा?"

"नामंजूर!" भिकोबाला तो शब्द इतका आवडला की त्यानं तो तीनदा म्हटला.

"आता सगळे एकदम. एक, दोन, तीन..."

"नामंजूर!"

बांध दुमदुमला. त्यात एक आवाज सगळ्यांत जाड होता. दंताजीराव लहानपणी तीन वर्षं बाईंच्या वर्गात होते. बाईंनी "सगळे एकदम" म्हटलं की त्यांच्या तोंडातून उत्तर आपोआप बाहेर पडायचं. ते पडलं. मागोमाग हुप्पाजीही ओरडला, कारण अध्यक्ष ओरडले की ओरडायचं एवढंच त्याला ठाऊक होतं.

शुभ्रकांतनं हताशपणे लिहून घेतलं, "सर्वानुमते नामंजूर."

त्या उन्हाळ्यात बाईंचा दगड जागेवर राहिला आणि वैशाख संपेपर्यंत बांधात पाणी राहिलं. सगळे प्यायले, माशांसकट. झिपरीची पिल्लं पाण्याच्या काठावर बसून नवा शब्द घोकत. आई काहीही म्हणाली की तोच म्हणत.

इतिवृत्त यथावकाश लव्हाळ्याला लागलं. त्यात लिहिलं होतं, "दगड काढण्याचा विषय माननीय अध्यक्षांनी स्वतः उभं राहून नामंजूर केला व संस्था वाचवली." बांधावर फलक लागला, 'दंताजीरावांच्या दूरदृष्टीतून वाचलेला दगड'. पुढे निवडणूक जाहीर झाली, तेव्हा जुन्या संचालकांनी जुनं पॅनेल सोडलं आणि सगळ्यांनी मिळून 'कासव पॅनेल' काढलं. दंताजीराव भाषणात म्हणू लागले, "मी मुळात कासवच आहे! परिस्थितीमुळे मला डुक्कर व्हावं लागलं." शुभ्रकांत महिनाभर एकेक पाऊल मोजून टाकत होता. हुप्पाजी फांदीवरून उडी मारण्याआधी क्षणभर डोकं आत घेई.

मगरताईंनी पॅनेलला जाहीर शुभेच्छा दिल्या.

कमठाबाईंनी ते ऐकलं आणि पुन्हा दारोदार निघाल्या. या वेळी होकार मिळायला वर्ष लागलं नाही. लोक स्वतःच विचारत होते, "बाई, कुठे जमायचं? काय म्हणायचं ते पाठ आहे." चोविसाचे एकाहत्तर झाले. ठरल्या दिवशी ते सगळे उमेदवारी भरायला पाणवठ्यावर पोचले, ओळीनं, शिस्तीत. मुंगी सगळ्यांत पुढे. हत्तीसुद्धा आला होता, आणि त्यानं द्रोणांची चौकशीही केली नाही.

निवडणूक अधिकारी म्हणून घुबड नेमलं होतं. ते डोळे मिटून फांदीवर बसलं होतं. खाली दंताजीरावांच्या गळ्यात पळसाच्या फुलांचा हार होता, आणि हुप्पाजी गुलाल समजून सगळ्यांच्या अंगावर लाल माती उधळत होता.

"अर्ज कुठे द्यायचा?" बाईंनी विचारलं.

घुबडानं एक डोळा उघडला. सगळे जण नोटिशीतल्या वेळेवर आले होते, हे त्यानं कबूल केलं. निवडणूक तेवढी अर्धा तास आधीच बिनविरोध पार पडली होती.